बुंदीचे पाय आणि आमची फरशी

परवा रात्री घणसोलीच्या मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला. मुलाने हट्ट करून आणलेलं बदकाचं पिल्लू, चकचकीत पांढऱ्या फरशीवर बसलेलं, एक पाय बाजूला फाकलेला, आणि खाली तिने लिहिलेलं, "अगं हे उठतच नाही, आळशी आहे का?" मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि आमच्या बदकीचा, बुंदीचा, तो पहिला महिना डोळ्यासमोर उभा राहिला. तिला लगेच फोन लावला, अर्धा तास बोललो, आणि जे बोलले ते इथे लिहून ठेवतेय, कारण गेल्या दोन वर्षांत असा मला आलेला हा चौथा की पाचवा फोन आहे आणि दर वेळी कहाणी तीच असते, फरशी, कोंबडीचं खाद्य आणि "कमजोरच निघालं" हे वाक्य.

आम्ही कोपरखैरण्याला रो हाऊसमध्ये राहतो, सिडकोचं जुनं घर, मागे जेमतेम दहा बाय बाराची जागा, त्यात शेवग्याचं झाड आणि सासूबाईंच्या कुंड्या. दोन वर्षांपूर्वी भर जुलैत हे ऑफिसमधून येताना खोक्यात दोन पिल्लं घेऊन आले, पिवळी धमक, एका हातात मावतील एवढी. लेकीने नावं ठेवली बुंदी आणि शेव. विकणाऱ्याने यांना सांगितलं होतं, "दादा, कोंबडीचं दाणं टाका, पाणी ठेवा, बस, काही लागत नाही." आम्ही तेच केलं. पाऊस धो धो असल्यामुळे पिल्लं आत ठेवली, खोक्यात खाली वर्तमानपत्र, दिवसभर स्वयंपाकघरात फरशीवर मोकळी. लेक पुढे आणि ही दोघं मागे थप थप थप करत घरभर. आम्हाला वाटायचं किती छान चाललंय.

तिसऱ्या आठवड्यात बुंदी बसायला लागली. म्हणजे आधी चार पावलं चालायची आणि बसायची, मग दोन पावलं, मग वाटीपर्यंत यायची आणि वाटीला छाती टेकवून बसूनच खायची. शेव धावायची आणि ही बसल्या जागेवरून मान लांब करून चिवचिवाट करायची. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसायला लागले. मग एक दिवस ती पंजावर उभीच राहिली नाही, मागच्या सांध्यावर टेकून खुरडत आली. तो सांधा म्हणजे आपण ज्याला बदकाचा उलटा वाकणारा गुडघा म्हणतो तो खरं तर घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की तो सांधा सुजलाय, जाड झालाय आणि पिल्लाला उभं राहायचंय पण जमत नाहीये.

शेजारच्या काकू म्हणाल्या पोलिओ झाला. सासूबाई म्हणाल्या वारं गेलं पायातून, तेल कोमट करून लावूया. जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं, तिथले डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात, त्यांनी हात न लावता सांगितलं कॅल्शियम द्या. आम्ही आठवडाभर कॅल्शियमचे थेंब दिले. फरक शून्य. ह्यांनी विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "दादा ते जगणार नाही, तलावात सोडून द्या नाहीतर आणून द्या, दुसरं देतो." लेक तिथेच उभी होती, तिने ऐकलं. त्या रात्री ती बुंदीच्या खोक्याशेजारी चटई टाकून झोपली.

तलावात सोडून द्या हा सल्ला इकडे फार सहज दिला जातो, ठाण्यात तर काय तलावांचं गावच, मासुंदा आहे, उपवन आहे, कचराळी आहे, लोकांना वाटतं बदक म्हणजे पाण्यातलं जनावर, त्याचं तो बघेल. अहो पण ज्याला उभं राहता येत नाही ते काठावर चढणार कसं, कुत्र्यांपासून पळणार कसं? आणि बाजारात मिळणारं पांढरं बदक हे पाळीव आहे, त्याला नीट उडताही येत नाही. कृपा करून कुणीही हे करू नका.

शेवटी ओळखीतून ठाण्यातल्या एका पक्ष्यांच्या डॉक्टरांचा पत्ता मिळाला. भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून बुंदीला घेतलं आणि कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडली. दुपारची वेळ, लेडीज डबा रिकामाच होता. रबाळ्याला एक मासेवाल्या मावशी चढल्या, टोपलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "पाय गेलेत होय गो बायचे? आमच्याकडे सासऱ्यांनी पाळलेली, सुकटीचा चुरा आणि कोंडा खायची, एकाचा पाय कधी वाकला नाय." मी तेव्हा नुसती मान डोलावली. मावशींच्या त्या वाक्यात निम्मं उत्तर होतं.

डॉक्टरांनी बुंदीला टेबलावर न ठेवता मांडीवर घेतलं, दोन्ही सांधे बोटांनी चाचपले, घोट्यामागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जागेवर आहे ना ते बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" मी अभिमानाने सांगितलं, चांगल्यातलं कोंबडीचं खाद्य. ते म्हणाले, "तिथेच घोळ आहे. हे कोंबडीचं पिल्लू नाहीये."

मग त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी3 जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. एक किलो खाद्यात कोंबडीच्या पिल्लाला साधारण 30 ते 35 मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला 55 च्या आसपास हवं. शरीर थोडंफार नायसिन प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनपासून स्वतः बनवतं, पण बदकाला ते नीट जमत नाही. आणि तयार खाद्यात मुख्य असतो मका, मक्यातलं नायसिन असं जखडलेलं असतं की पोटात गेलं तरी अंगाला फारसं लागत नाही. म्हणजे पिल्लू पोटभर खातंय, वजन वाढतंय, आणि पाय मात्र उपाशी. त्यात ही पांढरी पेकिन जात, भराभर वाढणारी, मोठी झाली की तीन-चार किलोची, म्हणजे रोज वाढणारं ओझं आणि खाली कच्चे पाय.

मी विचारलं, मग शेवला का नाही झालं? दोघींचं खाणं एकच. ते म्हणाले शेव मागच्या अंगणात काय करते? आणि मला आठवलं की पावसाने उघडीप दिली की शेव कुंड्यांखालून गांडुळं, गोगलगायी वेचत बसायची, आणि बुंदी भित्री, ती लेकीच्या पायाशी घरात. त्यांचा अंदाज तोच होता, एकीला वरखुराक मिळत होता, दुसरी फक्त डब्यातल्या खाद्यावर. केरळात कुट्टनाडमध्ये भातकापणी झाली की बदकांचे कळप शेतात सोडतात, सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे खात मऊ चिखलातून चालतात ती. त्यांच्या पायांना चिखलाची सवय, आणि आम्ही त्यांना व्हिट्रिफाइड टाइल दिली.

फरशीचं तर मी हात जोडून सांगते. वर्तमानपत्र आणि गुळगुळीत फरशी ह्या दोन गोष्टी पिल्लाखाली अजिबात नकोत. पाय सरकतो, पिल्लू तो आवरायला जातं, परत सरकतो, आणि कोवळे सांधे बाहेरच्या बाजूला ढिले होत जातात. अगदी पहिल्या काही दिवसांत पाय फाकायला लागला असेल तर दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीची सैल बेडी घालतात, मध्ये उभं राहण्याइतकं अंतर ठेवून, म्हणजे पाय शरीराखाली राहतात, पण ती डॉक्टरांकडून एकदा बांधून घ्या आणि रोज सोडून बघा कारण पिल्लाचा पाय दिवसागणिक जाड होतो आणि पट्टी रुतते. बुंदीसाठी ती वेळ गेली होती. आम्ही खाली रबरी जाळीदार मॅट टाकलं, त्यावर जुनी पातळ गोधडी, रोज बदलायची. गोणपाट टाकलेलं पण त्याचे दोरे पंजाला गुंडाळले गेले म्हणून काढलं. ते हिरवं गवतासारखं प्लास्टिकचं मॅट मिळतं ना, तेही नको, टोचतं. भाताचं तूस चांगलं, पण पावसात ओलं झालं की बुरशी धरतं.

औषध म्हणून डॉक्टरांनी नायसिनचा डोस वजनावर काढून दिला, पाण्यातून, आणि खाद्यावर ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे बिअर करताना वापरलेल्या यीस्टची सुकी पूड, एक कप खाद्याला साधारण दीड मोठा चमचा. हे यीस्ट जिममध्ये जाणाऱ्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. पाव फुगवायचं यीस्ट वेगळं, ते घालायचं नाही, ते जिवंत असतं आणि पोटात आंबतं. खाद्य थोडं ओलसर करायचं म्हणजे पूड वाटीच्या तळाशी राहत नाही आणि घशातही बसत नाही. घरात पक्ष्यांसाठीची म्हणून आधीच एक व्हिटॅमिनची बाटली आणलेली, मी डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी मागचं लेबल वाचायला लावलं, त्यात ए होतं, डी3 होतं, ई होतं, बी12 होतं, आणि बी3 नव्हतंच. लेबल वाचा, बाटलीवर कोंबडी-बदकाचं चित्र आहे म्हणून विश्वास ठेवू नका. आणि कॅल्शियमबद्दल ते जरा चिडलेच, एवढ्या लहान पिल्लाला गरज नसताना जास्तीचं कॅल्शियम किडनीवर जातं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना घालायचं नाही ते त्याचसाठी.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते आणि मागे थप असा एकच आवाज आला. वळून बघितलं तर बुंदी पंजावर उभी. थरथरत होती, शेपटी हलवत होती, दोन सेकंद उभी राहिली आणि बसली. मग परत. लेकीला उठवायला मी ओरडतच गेले, चहा उतू गेला. नायसिनची कमतरता लवकर पकडली तर अशी काही दिवसांतच सुधारणा दिसते. पण जे हाड वाकडं होऊन पक्कं झालं ते सरळ होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. घोट्यामागची शीर खाचेतून घसरली असती तर गोष्ट आणखी अवघड झाली असती, त्यात मँगनीज आणि कोलीनची कमतरताही असू शकते. बुंदीची शीर जागेवर होती. डावा पाय मात्र थोडा बाहेर वाकलेलाच राहिला.

उपचाराचे पहिले तीन आठवडे आम्ही घरात जे केलं ते लिहिते. बसून राहिलेल्या बदकाच्या छातीच्या हाडावर सगळं वजन येतं आणि तिथली कातडी सोलते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा जागा बदलायची, खालचं ओलं लगेच काढायचं, छाती बघायची. दुपारी एक तास झोळी. प्लास्टिकच्या भाजीच्या क्रेटवर माझी जुनी सुती ओढणी ताणून बांधली, तिला पायांसाठी दोन भोकं पाडली, शेपटीखाली एक, म्हणजे अंग ओढणीवर आणि पंजे जेमतेम खाली टेकलेले. समोर वाटी बांधली. पहिल्या दिवशी तिने गोंधळ घातला, तिसऱ्या दिवशी ती झोळीत झोपायला लागली. संध्याकाळी टबात कोमट पाणी, पाय टेकणार नाहीत इतकं, आणि दहा मिनिटं पोहणं. पाण्यात वजन नसतं म्हणून जो पाय जमिनीवर हलत नाही तो पाण्यात वल्ह्यासारखा मारायला लागतो, ते बघताना ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. पण हात कायम जवळ ठेवायचा, एकटं सोडायचं नाही, कारण आईविना वाढलेल्या पिल्लाच्या पिसांना तेलाचं कवच नीट नसतं, ती भिजतात, गारठतात. बाहेर काढलं की टॉवेलने टिपायचं आणि पूर्ण सुकेपर्यंत बल्बच्या उबेला.

प्यायचं पाणी मात्र उथळ ताटलीत ठेवून चालत नाही. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवावी लागते, नाही तर नाक-डोळे चिकटतात आणि खाल्लेलं घशात अडकतं. म्हणून खोल पण अरुंद भांडं. सिरिंजने तोंडात पाणी सोडायचा मोह होतो, तो टाळा, श्वासनलिकेत गेलं तर तिथेच संपलं. उचलताना पायाला धरून कधीच नाही, दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरायचं आणि खाली तळहात.

शेव तिला सोडून राहायची नाही म्हणून दोघींना जाळीच्या आडपडद्याने शेजारी ठेवलं. एकटं पडलेलं बदक खात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सासऱ्यांनी एकदा प्रेमापोटी स्वतःचं सांधेदुखीचं जेल तिच्या घोट्याला लावायला घेतलं होतं, मी ट्यूब हातातून घेतली. त्यात डायक्लोफिनॅक असतं. जनावरांसाठी ते औषध आपल्याकडे 2006 मध्ये बंद झालं ते गिधाडांमुळे, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते पोटात जाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आकाशच्या आकाश रिकामं झालं. बदक काही गिधाड नाही, पण माणसाचं दुखण्यावरचं औषध पक्ष्याला स्वतःच्या मनाने लावायचं नाही हा धडा तिथून पक्का. वेदना होतायत असं वाटलं तर डॉक्टर वजनाप्रमाणे मेलॉक्सिकॅम देतात, ते त्यांनाच ठरवू दे.

बुरशीचं लिहायचं राहिलं आणि ते इकडच्या हवेत फार महत्त्वाचं आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं हजारोंनी मेली, बदकाची पिल्लंही, आणि शोधता शोधता दोष निघाला खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते असं. बदकाच्या पिल्लांना ते इतकं लागतं की पुढे ते विष तपासायलाच बदकाची पिल्लं वापरत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, चपला हिरव्या होतात, मग मक्याचं पोतं काय टिकणार. मी दोन किलोच्या वर खाद्य आणत नाही, स्टीलच्या डब्यात ठेवते, कुबट वास आला की बाहेर, कितीही जिवावर आलं तरी.

मागच्या पावसाळ्यात दुसरं दुखणं उभं राहिलं. बुंदी आता मोठी, डाव्या वाकड्या पायामुळे सगळा भार उजव्या पंजावर. एक दिवस ती उजवा पंजा उचलून धरायला लागली. टॉर्च लावून तळवा बघितला तर मधोमध काळी कडक खपली, उडदाच्या दाण्याएवढी, भोवती गरम लाल सूज. बंबलफूट. कडक जमिनीवर सतत दाब पडून कातडीला बारीक चीर जाते आणि तिथून जंतू शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. आत पू चीजसारखा घट्ट होतो, आपोआप वाहून जात नाही. मी इंटरनेटवर लोकांना घरी ब्लेडने खपली काढताना बघितलंय, करू नका हो, आत शिरा आणि हाड अगदी जवळ असतं. आमचं लवकर दिसलं म्हणून कापावं लागलं नाही. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट, रोज दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून, ते पाणी तिला पिऊ न देता कारण ते जुलाबाचं आहे, मग पूर्ण कोरडं करून मलम, गॉज आणि वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी, सोबत अँटिबायोटिकचा कोर्स. लेक तिची मान मांडीवर घेऊन बसायची आणि मी पट्टी बांधायची, दीड महिना. खपली आक्रसत आक्रसत गेली आणि खालून गुलाबी कातडी आली.

तेव्हापासून दर रविवारी दोघींचे चारही तळवे टॉर्चने बघते आणि वजनाच्या काट्यावर ठेवते. वाढलेलं वजन पायांचं पहिलं शत्रू, म्हणून पाव, पोळी, भात पूर्ण बंद. पाहुणे येतात आणि पावाचा तुकडा पुढे करतात तेव्हा मला वाईटपणा घ्यावा लागतो. त्याऐवजी मटार, चिरलेला पालाभाजीचा देठ, अंगणातल्या गोगलगायी. सुकट देते पण आधी तीनदा धुऊन, मीठ काढून, त्या मावशींची आठवण काढत.

मैत्रिणीला मी हेही सांगितलं की प्रत्येक लंगडं बदक नायसिनचं नसतं. मोठं बदक अचानक बसलं, पाय लुळे आणि मग मानही लुळी पडायला लागली तर ते साचलेल्या सडक्या पाण्यातलं विष असू शकतं, त्यात तास मोजावे लागतात. शेजारी इंटिरिअरचं काम चालू असेल तर स्क्रू, वायरचे तुकडे, चकाकणारं काहीही बदक गिळतं, आणि शिसं किंवा जस्त अंगात भिनलं की पाय जातात, एक्स-रे काढला की कळतं. अंड्यावर आलेली मादी उभी राहत नसेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. यात घरी यीस्ट घालत वाट बघू नका, टोपली उचला आणि निघा.

तिच्या पिल्लाचं वय जेमतेम बारा दिवस आहे. काल सकाळी तिने फरशीवर योगा मॅट टाकलं, संध्याकाळी ते पिल्लू घेऊन ठाण्याला जाऊन आली. आज दुपारी परत व्हिडिओ आलाय, झोळी शिवलीय तिने, माझ्यापेक्षा नीट, मुलाच्या जुन्या टी-शर्टची, बाहीच्या भोकांतून पाय बाहेर काढलेत. पिल्लू वाटीत चोच बुडवतंय आणि मागून मुलगा मोजतोय, किती वेळा प्यायलं ते.